मी नक्की कुठे बसू?

"मी नक्की कुठे बसू?" असं तिनं विचारलं, तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, भांडून विषय संपला असता. संध्याकाळची वेळ, वारा जेमतेम 14 नॉट, पाणी जवळजवळ सपाट. शिडाची बोट ताब्यात येऊन तीन आठवडे झाले होते आणि आम्ही दोघंच पहिल्यांदा बाहेर पडलो होतो. मी टॅक घ्यायचं, म्हणजे बोटीचं तोंड वाऱ्यातून पलीकडे वळवायचं ठरवलं. टॅक म्हणजे एरवी काय, टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, ढकलायचा, पुढच्या शिडाची एक शीट, म्हणजे शीड आवळायची दोरी, सोडायची, दुसरी ओढायची. पण या बोटीवर त्याच पाच-सात सेकंदांत एका बाजूचा रनर, म्हणजे डोलकाठीला मागून धरणारी ताणदोरी, सोडून दुसऱ्या बाजूचा आवळायचा असतो, आणि वर मेनसेलचा, म्हणजे मोठ्या शिडाचा, ट्रॅव्हलर (त्याची शीट आडवी सरकवणारी रुळावरची गाडी) वाऱ्याकडच्या बाजूला ओढायचा असतो. ती डावीकडे बसली होती. तिथून शीट सुटणार म्हणून मी तिला उजवीकडे यायला सांगितलं. उजवीकडे रनरची विंच, म्हणजे दोरी आवळायचा रहाट. मग मागे जा म्हटलं, तर मागे टिलर फिरणार. मग पुढे, तर कॉकपिटच्या, म्हणजे मागच्या उघड्या खोलगट जागेच्या, बरोब्बर मधून उंबऱ्यासारखा आडवा गेलेला ट्रॅव्हलरचा रूळ. तो ओलांडताना बोट कलली, आधाराला म्हणून तिनं हाताला लागली ती दोरी धरली, आणि नेमकी तीच दोरी मी दुसऱ्या टोकाकडून सोडली. सहा मिलिमीटरची गुळगुळीत दोरी तिच्या तळव्यातून सर्रकन निघून गेली. डाग मोठा नव्हता, फक्त एक पांढरी रेघ उमटली आणि ती हळूहळू लाल होत गेली.

त्यानंतर तिनं हे विचारलं. मी उत्तर दिलं नाही, कारण खरंच उत्तर नव्हतं.

बोट शर्यतीची. 34 फुटांची, 1980 च्या दशकातली, तेव्हाच्या मोजमापाच्या नियमांत बसेल आणि जमल्यास त्यांना थोडं फसवेलही, अशा बेतानं घडवलेली. तिच्यावर आठ माणसं असायची. घेताना हे आकड्यासारखं ऐकलं होतं, पण त्याचा अर्थ डोक्यात शिरला नव्हता. आठ माणसं म्हणजे सोळा हात, आणि बोटीवरची प्रत्येक दोरी त्या सोळांपैकी कुठल्यातरी हाताच्या भरवशावर तिथे आलेली. एक जण डोलकाठीशी उभा राहून हॅलियर्ड, म्हणजे शीड वर चढवायची दोरी, खेचणार, एक जण केबिनच्या दाराशी दोऱ्या पकडून ठेवणारे क्लच उघडबंद करणार, दोघं पुढच्या शिडाच्या विंचवर, एकाच्या मांडीवर मेनशीट आणि ट्रॅव्हलर, एक नाळेवर, आणि ज्यांच्या हाताला त्या क्षणी काम नाही ते वाऱ्याकडच्या कडेवर पाय सोडून बसणार, म्हणजे नुसतं वजन म्हणून. बसायची जागा अशी कोणालाच नव्हती. कॉकपिट म्हणजे उभ्यानं काम करायची खोली, दिवाणखाना नव्हे. क्लचच्या रांगेसमोर कोणीतरी मार्करनं अक्षरं लिहून ठेवली होती, अर्धी पुसलेली. ट्रॅव्हलरच्या रुळाकडेला बारीक रेघा आणि आकडे होते. कुठल्या वाऱ्यात गाडी कुठे ठेवायची याच्या त्या खुणा असणार. कोणीतरी वर्षानुवर्षं त्या रेघांकडे बघून बोटीला पाव नॉट जास्त मिळवून दिला असेल. त्या माणसाला मी कधी भेटलो नाही, पण स्क्रूड्रायव्हर हातात घेतला तेव्हा पहिल्यांदा त्याचीच आठवण झाली आणि उगाच चोरट्यासारखं वाटलं.

काढायचा झपाटा मात्र जबर असतो. पहिल्या महिन्यात मी काढत सुटलो. स्पिनेकर या फुगीर शिडाच्या पोलच्या जोडदोऱ्या, पुढच्या शिडाची शीट आतबाहेर खेचायच्या बारक्या कप्प्या, मेनसेलच्या कडेचा ताण तसूतसूनं बदलणाऱ्या दोऱ्या, त्या अडकवायचे क्लीट. प्रत्येक गोष्ट काढली की डेक मोकळा दिसायचा आणि मनही. काढलेल्या प्रत्येक वस्तूमागे बोल्टची भोकं उरतात आणि खरं काम तिथे सुरू होतं, हे कळायला उशीर लागला. बोल्ट काढायला दोन माणसं लागतात. एक वर स्क्रूड्रायव्हर दाबून, दुसरा खाली कपाटात डोकं घालून, पाना धरून, डोळ्यांत गंज पडत असताना "फिरतंय का?" असं ओरडणारा. ट्रॅव्हलरच्या खालचा चौथा बोल्ट निघाला तेव्हा भोकातून चहाच्या रंगाचं पाणी आलं. मी खालून बोट घातलं, तर आतलं बाल्साचं लाकूड भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं हाताला लागलं. वास कुजक्या पानांचा. मग वाकवलेला खिळा ड्रिलला लावून आतलं मऊ लाकूड खरवडून काढायचं, कित्येक दिवस वाळू द्यायचं, घट्ट कालवलेला इपॉक्सी भरायचा. जिथे परत काही बसवायचं असेल तिथे त्या इपॉक्सीतूनच नवं भोक पाडायचं, म्हणजे पाणी शिरलं तरी लाकडापर्यंत पोचत नाही. अशी 31 भोकं मी भरली. एकतिसावं भरून झाल्यावर लक्षात आलं, की इतक्या दिवसांत मी बोट सोयीची केलीच नव्हती, फक्त रिकामी केली होती.

ट्रॅव्हलरवरून आमच्यात, म्हणजे माझ्यात आणि माझ्यात, बरेच दिवस वाद चालला. तो कॉकपिटच्या मधोमध होता याला कारण होतं. बूम, म्हणजे मेनसेलच्या तळाची आडवी काठी, तिथे संपते. बूमच्या टोकाला शीट बांधली की तरफ लांब मिळते आणि ओढायला कमी जोर लागतो. गाडी हाताशी असल्यामुळे झुळूक आली की शिडाचा आकार न बिघडवता ते नुसतं खाली सरकवता येतं. शर्यतीत याहून चांगली जागा नाही. पण दोघांनी फिरायचं असेल, कधी कोणी झोपेतून उठून अंधारात वर येणार असेल, तर तो रूळ म्हणजे नडगीचा शत्रू, आणि वरून जाणारी शीट नकळत जाइब झालं, म्हणजे मागून आलेल्या वाऱ्यानं बूम झटक्यात पलीकडे गेली, तर मानेचा. म्हणून सगळे करतात तेच मी केलं. मेनशीट पुढे, केबिनच्या छपरावर नेली. आता बूमच्या टोकाऐवजी मध्यावर बांधली, तर तरफ निम्मी झाली, म्हणजे शीटवरचा भार दुप्पट. आधी चौपट फायद्याच्या कप्प्या पुरायच्या, आता सहापट घातल्या तरी हिशोब जमत नाही, कारण आठपट हव्यात, आणि शिवाय प्रत्येक कप्पी आपला वाटा खाते. शिवाय टोकाला ओढण्यासाठी घडवलेली बूम मध्येच ओढली तर वाकते. त्यासाठी एका कड्याऐवजी तीन कडी लावून भार वाटून घेतला. कागदावर चित्र छान दिसत होतं.

पाण्यावर वारा 20 नॉटवर गेला. 10 चा 20 झाला की शिडावरचा दाब दुप्पट नाही, चौपट होतो, हे मला पाठ होतं. पाठ असणं आणि दंडात जाणवणं यात फरक आहे. शेवटची वीतभर शीट काही केल्या येईना, म्हणून छपरावरच्या विंचला लावली. विंचशी जायचं तर टिलर सोडायला हवा. टिलर सोडला की बोट वाऱ्याकडे तोंड फिरवते. म्हणजे झुळुकीत ज्या माणसाला शीट सोडायची गरज आहे, त्याच्याच हातापासून मी ती दोन मीटर लांब नेली होती! त्या रेघा ओढणारा माणूस तेव्हा मला फार शहाणा वाटला. अजून वाटतो. शेवटी उपाय साधाच निघाला. शीट छपरावरच ठेवली, पण टिलरला लांब दांडी जोडली आणि वाऱ्याला एक रीफ लवकर घ्यायची, म्हणजे शीड खालून दुमडून लहान करायची सवय लावून घेतली. बोट पूर्वीइतकी वाऱ्याच्या जवळ जात नाही. किती कमी जाते ते मोजायचं मी मुद्दाम टाळलं आहे.

दोऱ्या बदलणं त्या मानानं सोपं, आणि खरं सांगायचं तर सुखाचं काम. जुन्या मालकानं डायनीमा या कृत्रिम धाग्याच्या बारीक दोऱ्या वापरल्या होत्या, त्यातल्या काहींचं वरचं कवचही वजन वाचवायला सोलून टाकलेलं. डायनीमा ताणली जात नाही, म्हणून शर्यतवाल्यांना प्रिय. झुळुकीचा धक्का ताणात वाया न जाता सरळ शिडाला, तिथून बोटीला मिळतो. पण हाच गुण नकळत झालेल्या जाइबमध्ये अंगाशी येतो. बूम धाडकन दुसऱ्या बाजूला जाते आणि तो सगळा धक्का न ताणता थेट बूमच्या बिजागरीवर आणि डेकच्या बोल्टांवर आदळतो. साधी पॉलिएस्टर थोडी लांबते, धक्का गिळते. आणि डायनीमा वितळते साधारण 150 अंशांना, पॉलिएस्टर 250 च्याही वर. विंचवर भरभर घसरली तर हे आकडे कागदावरचे राहत नाहीत. मी मेनशीट 10 मिलिमीटरची पॉलिएस्टर घेतली, ताकदीला एवढी जाडी लागत नाही, हाताला लागते. हॅलियर्ड मात्र डायनीमाच्याच ठेवल्या, कारण तिथे ताण हवा तितकाच टिकला नाही तर शिडाचं पोट मागे सरकतं आणि नेमकं वारा वाढल्यावर बोट जास्त कलते. नवी दोरी हातात घेतली की तिला एक कोरडा, किंचित पिठूळ स्पर्श असतो. पहिल्या मिठाच्या पाण्यात तो जातो तो कायमचा.

दुसरी चूक जास्त लाजिरवाणी, कारण ती करताना मी स्वतःला फार आधुनिक समजत होतो. ठरवलं, की डोलकाठीशी कोणी जायचंच नाही, सगळ्या दोऱ्या कॉकपिटमध्ये. रात्री, पावसात, कललेल्या डेकवर कशाला जायचं? कल्पना नवी नाही. 1960 मध्ये अटलांटिकवरच्या पहिल्या एकट्यानं करायच्या शर्यतीत ब्लाँडी हॅस्लर आपली 25 फुटांची 'जेस्टर' घेऊन उतरला होता. तिला चिनी जंक पद्धतीचं शीड होतं आणि सगळ्या दोऱ्या डेकच्या मधल्या एका गोल झडपेशी आणलेल्या. तो 48 दिवसांत पलीकडे पोचला, दुसरा आला, आणि बाहेर डेकवर जायचं त्यानं जवळजवळ टाळलं. हे मी कितीतरी जणांना सांगत असे. फक्त एक सोयीनं विसरत असे, की हॅस्लरनं शीडच बदललं होतं. ते स्वतःच्या वजनानं घडी घालत खाली येतं. मी बदलल्या होत्या नुसत्या कप्प्या. माझा मेनसेलचा हॅलियर्ड काठीच्या शेंड्यावरून वळून, पायथ्याशी वळून, छपरावर आडवा वळून, क्लचमधून येऊन विंचवर. रीफच्या दोऱ्या तर बूमच्या आतून, टोकावरून, शिडाच्या कडीतून, परत पुढे, खाली, मागे. दर वळणाला दहावा हिस्सा घर्षणात गेला असं धरलं, तर पाच वळणांनंतर हातात साठ टक्केही उरत नाहीत. पंधरा हात दोरी ओढायची, त्यातली निम्मी ताकद कप्प्यांना, आणि उरलेली दोरी पायाखाली. हॅलियर्ड सोडला तर शीड खाली येईना, अडकून बसे. मग काय, जायचंच डोलकाठीशी, हातानं खेचायला. म्हणजे हॅलियर्ड मागे, शीड पुढे, आणि माणूस मधे धावतोय.

एका रविवारी सगळं उलटं केलं. हॅलियर्ड, रीफचा हुक, रीफच्या दोऱ्या, त्यांची छोटी विंच, सगळं परत काठीच्या पायथ्याशी, पहिल्यांदा होतं तिथेच. दोन्ही बाजूंना कंबरेएवढे मजबूत पाइपचे आधार बसवले, त्यात पाठ टेकून दोन्ही हात मोकळे राहतात. अनेकांना हे पटत नाही, मागून सगळं चालवणारे सुखी लोकही मी पाहिलेत. माझं मत एवढंच झालं, की एका कामाचे सगळे भाग एका जागी हवेत, मग ती जागा पुढे असो की मागे. आता रीफ घ्यायला मला दोन मिनिटं लागतात. मागून घ्यायचो तेव्हा किती लागायची ते सांगत नाही.

पुढच्या शिडाला फर्लर बसवला, यावर लिहिण्यासारखं फार नाही. शर्यतीची जेनोआ, म्हणजे पुढचं मोठं शीड, खोबणीत भरायला एक, वर खेचायला एक आणि उतरताना ती पाण्यात जाऊ नये म्हणून तिच्यावर लोळायला दोघं लागत. फर्लर गुंडाळतो. तिसऱ्या हिश्श्यापलीकडे गुंडाळलं की शिडाचा आकार पोत्यासारखा होतो, तेवढ्यापुरती शीड शिवणाऱ्याकडून पुढच्या कडेला फोमची पट्टी शिवून घेतली. गंमत म्हणजे शीड गुंडाळत जाऊ तसा शीटचा कोन बदलतो आणि डेकवरची, शीटला दिशा देणारी लीडची गाडी पुढे सरकवावी लागते. ती ताणाखाली, कॉकपिटमधून दोरीनं सरकवायची सोय या बोटीवर आधीपासूनच होती. पूर्णपणे शर्यतीची चैन. पहिल्या झपाट्यात ती काढली नव्हती ती केवळ बोल्ट निघाला नाही म्हणून.

राहिले रनर. डोलकाठीच्या वरच्या भागातून मागे दोन्ही कडांना येणाऱ्या त्या दोन ताणदोऱ्या, दर टॅकला एक सोडायची आणि दुसरी आवळायची. मेनसेल फिरताना सुटणाऱ्या बाजूचा रनर सोडायला विसरलो तर बूम त्यावर जाऊन आदळते. घेणाऱ्या बाजूचा आवळायला विसरलो तर लाटेवर काठी मध्ये पुढेमागे डुलायला लागते, आणि ते दृश्य एकदा पाहिलं की झोप लागत नाही. पहिल्या संध्याकाळी मी विसरलो होतो. म्हणून यादीत सगळ्यात वर हेच होतं, रनर काढणे. डोलकाठी आणि तारांचं काम करणाऱ्या एका वयस्कर रिगरना बोलावलं. ते बोटीवर चढलेही नाहीत. खालूनच मान वर करून काठीकडे आणि तिच्या बाजूच्या तारा फाकवणाऱ्या आडव्या दांड्यांकडे, म्हणजे स्प्रेडरकडे, बघत राहिले आणि म्हणाले, "स्प्रेडर सरळ आहेत हो तुमचे. मागे झुकलेले असते तर म्हटलं असतं काढा. ह्या काठीला मागून धरणारं दुसरं काय आहे, सांगा." मी सांगू शकलो नाही. मग त्यांनी हातवारे करून समजावलं. हलक्या वाऱ्यात दोन्ही सैल सोडा, पुढे काठीच्या बाजूच्या तारांना रबरानं बांधून टाका. वारा वाढला, वाऱ्याकडे तोंड करून जायचंय, तर लागतीलच. आणि दोन रीफ घेतलेत की मेनसेलचं टोक इतकं खाली येतं, की दोन्ही रनर एकदमच आवळून ठेवा, शीड त्यांच्या खालून फिरतं. म्हणजे सगळ्यात वाईट हवेत काळजीच नाही. काळजी मधल्या वाऱ्यात.

हे सगळं ती ऐकत होती, धक्क्याशी उभी राहून. मला वाटलं कंटाळली असेल. ते जायला निघाले तेव्हा तिनं विचारलं, "पण किती आवळायचा ते कळतं कसं?" ते थांबले, परत आले, आणि या वेळी बोटीवर चढले. रनरच्या दोरीवर, विंचपासून हातभर अंतरावर, त्यांनी लाल दोऱ्याचे वेढे घालून खूण केली. ही खूण विंचला टेकली की साधा वारा, तिच्या पुढे चार बोटं आली की जोराचा. जुन्या मालकाच्या त्या रेघांचीच ही धाकटी बहीण. मी आकडे खरवडून काढले होते आणि आता पुन्हा खुणा करत होतो.

सहा-सात महिन्यांनी बोट पुन्हा पाण्यात गेली. कॉकपिट मोकळं होतं, रुळाच्या जागी इपॉक्सीचे पांढरे ठिपके एका ओळीत. दोन्ही बाजूंना नीट बसता येईल अशी लांब जागा. मी अभिमानानं म्हटलं, "बस आता कुठेही." ती बसली नाही. सगळीकडे एकदा नजर फिरवून मागच्या कोपऱ्यात गेली, जिथे दोरी अजून होती तिथे. रनरच्या विंचशी, गुडघे मुडपून, तोंड माझ्याकडे. विंचवर तीन वेढे घातले, लाल खूण बोटानं चाचपली.

"ही माझी," ती म्हणाली. "तू तुझं पुढचं बघ."

मी तेव्हा हसलो, पण नंतर बरेच दिवस ते डोक्यात फिरत राहिलं. तिनं विचारलं होतं, मी कुठे बसू. मी ऐकलं होतं, दोऱ्या कमी कर. त्या ऐकण्यावर मी 31 भोकं भरली, मेनशीट हलवली, हॅलियर्ड मागे नेला आणि परत पुढे आणला. एकदाही तिला विचारलं नाही, की तुला नक्की काय म्हणायचं होतं.

आता 20 नॉटला टॅक घ्यायचा झाला की मी टिलरची लांब दांडी हातात धरून ओरडतो, ती आधी वाऱ्याखालच्या बाजूचा सैल रनर हातानं खेचून त्याची ढिलाई काढून ठेवते, मग म्हणते, "हं." बोट फिरते. मेनसेल मधोमध आलं की ती जुना सोडते, नवा आवळते, खूण बघते, आणि काठी हलत नाही. या सगळ्याला सहा-सात सेकंद लागतात. परवा या सेकंदांत मी नेमका चुकीच्या जागी, तिच्या नव्या बाजूला पाय पसरून बसलो होतो. तिनं विंचचं हँडल माझ्या गुडघ्यावर टेकवलं.

"सरक ना. इथे बसतं का कोणी?"